साथीच्या काळात शहरातली सायकल: संसर्गाची भीती आणि प्रवासाच्या सवयी (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

कोविडच्या काळात कुणी सायकल काढली, कुणी ठेवून दिली, आणि कुणी काढून वर्षभरात पुन्हा गच्चीवर नेली. याबद्दल विद्यार्थी, महापालिकेत काम करणारे, सोसायट्यांचे पदाधिकारी आणि नव्याने सायकल चालवणारे पुन्हा पुन्हा जे विचारतात, ते इथे एकत्र केलं आहे. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. एखादा मुद्दा दुसरीकडे सविस्तर आला असेल तर तिथला क्रमांक दिला आहे.

१. ‘वाटणारा धोका’ म्हणजे काय? धोका असतो तरी किंवा नसतो तरी, वाटण्याचा काय संबंध?

प्रवास कशाने करायचा हे माणूस रुग्णालयाची आकडेवारी वाचून ठरवत नाही, मनातल्या अंदाजावर ठरवतो. त्या अंदाजात तीन गोष्टी मिसळलेल्या असतात: मला लागण होईल का, झाली तर किती बिकट होईल, आणि ती टाळायला माझ्या हातात काही आहे का. पॉल स्लोविक या मानसशास्त्रज्ञाने १९८७ मध्ये ‘सायन्स’मधल्या लेखात दाखवलं होतं की जो धोका अनोळखी, धडकी भरवणारा आणि आपल्या ताब्याबाहेरचा असतो, तो लोकांना आकड्यांच्या मानाने फार मोठा वाटतो. नवा विषाणू या तिन्ही कसोट्यांवर उतरतो.

म्हणून खिडक्या उघड्या असलेल्या बसमधली दहा मिनिटं भीतीदायक वाटतात आणि बंद वातानुकूलित ऑफिसातले आठ तास तितकेसे वाटत नाहीत. बसमध्ये शेजारचा माणूस परका असतो, ऑफिसात ओळखीचा. विषाणूला हा फरक कळत नाही, पण प्रवासाची निवड मात्र याच फरकावर होते.

२. भीतीमुळे लोक साधन बदलतात याचा ठोस पुरावा आहे का? की लॉकडाउन होता म्हणून गर्दी कमी झाली?

कोविडच्या काळात या दोन गोष्टी वेगळ्या करणं अवघड आहे, कारण बंदी आणि भीती एकाच वेळी आल्या. म्हणून थोडं मागे जावं लागतं. २००३ मध्ये तैवानची राजधानी तैपेईत सार्स या विषाणूजन्य श्वसनरोगाची साथ आली, तेव्हा मेट्रो बंद नव्हती. तरीही साथ शिगेला असताना रोजचे जवळपास निम्मे प्रवासी कमी झाले. या आकड्यांवरच्या २०१४ च्या अभ्यासाचा हिशेब असा, की जाहीर झालेल्या प्रत्येक नव्या रुग्णामागे सुमारे १२०० प्रवासी लगेच गळत होते आणि त्या धक्क्याचा परिणाम हळूहळू, साधारण २८ दिवसांत बराचसा, विरत होता. गाड्या धावत होत्या, दरवाजे उघडे होते, लोकच येत नव्हते. ही शुद्ध भीती.

कोविडमधलं न्यूयॉर्कचं उदाहरण याला पूरक आहे. २०२० च्या वसंतात तिथल्या भुयारी रेल्वेचा वापर ९० टक्क्यांनी घसरला, तर ‘सिटी बाइक’ या भाड्याच्या सायकलींचा ७१ टक्क्यांनी. सायकलींची सरासरी फेरी मात्र १३ मिनिटांवरून १९ मिनिटांवर गेली. पूर्वी स्टेशनपर्यंत नेणारी सायकल काही जणांना थेट मुक्कामापर्यंत नेऊ लागली, असा त्याचा सरळ अर्थ लागतो.

३. सायकली वाढल्या असंही वाचलं आणि कमी झाल्या असंही. खरं काय?

दोन्ही खरं. मोजलं काय, यावर उत्तर बदलतं. एकूण फेऱ्या मोजल्या तर पहिल्या लॉकडाउनमध्ये बहुतेक ठिकाणी सगळ्याच साधनांच्या घटल्या, सायकलच्याही. उरलेल्या फेऱ्यांमधला वाटा मोजला तर सायकलचा वाढलेला दिसतो. कामाला जाण्याच्या फेऱ्या घटल्या, सकाळ-संध्याकाळच्या हौशी फेऱ्या वाढल्या. ग्रेट ब्रिटनमध्ये सायकलींनी कापलेलं एकूण अंतर २०२० मध्ये आदल्या वर्षीपेक्षा सुमारे ४६ टक्के वाढलं, पण त्यात मोकळ्या वेळातल्या रपेटींचा वाटा मोठा होता.

भारतात सायकल उत्पादकांच्या संघटनेच्या आकड्यांनुसार एप्रिल २०२० मध्ये विक्री शून्य, मे महिन्यात साडेचार लाखांच्या आसपास आणि सप्टेंबरमध्ये अकरा लाखांवर गेली. मे ते सप्टेंबर मिळून सुमारे ४१.८ लाख सायकली विकल्या गेल्या. पण विक्री म्हणजे वापर नव्हे. व्यायामशाळा बंद होत्या, मुलं घरात कोंडली होती, बागा बंद होत्या. यातल्या किती सायकली बसला पर्याय म्हणून घेतल्या गेल्या, हे विक्रीच्या आकड्यातून काढताच येत नाही. तसं सांगणारा लेख दिसला तर जरा जपून वाचा.

४. मुंबईची लोकल बंद होती, गर्दीची भीती होती. मग रस्ते सायकलींनी भरून का गेले नाहीत?

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो, आणि भीतीची मर्यादा समजून घ्यायला याच्याइतकं चांगलं उदाहरण नाही.

लोकल मार्च २०२० च्या जनता कर्फ्यूपासून थांबली. १५ जूनला फक्त अत्यावश्यक सेवेतल्या कर्मचाऱ्यांसाठी सुरू झाली, १ फेब्रुवारी २०२१ ला ठरावीक वेळांत सगळ्यांना खुली झाली, दुसऱ्या लाटेत एप्रिलमध्ये पुन्हा बंधनं आली, आणि १५ ऑगस्ट २०२१ पासून दोन्ही डोस घेतलेल्यांना प्रवेश मिळाला. इतका मोठा काळ रोजचे सत्तर-ऐंशी लाख प्रवासी दुसऱ्या वाटेवर होते. पण विरार ते चर्चगेट सुमारे ६० किलोमीटर, डोंबिवली ते सीएसएमटी ४८. रोजच्या कामासाठी सवय नसलेला माणूस एका बाजूने ५ ते ८ किलोमीटर सायकल चालवतो, फार तर १०–१२. मुंबईची घरं आणि नोकऱ्या ज्या अंतरावर मांडल्या आहेत, तिथे भीती कितीही असली तरी सायकल उत्तर होऊ शकत नाही. नालासोपारा, डोंबिवली, कल्याणहून निघणारे एसटी आणि बेस्टच्या रांगेत उभे राहिले. भीती त्यांनाही होती, पर्याय नव्हता.

त्यात अनलॉक जूनमध्ये सुरू झाला, म्हणजे ऐन पावसाच्या तोंडावर. ज्यांना परवडत होतं त्यांनी दुचाकी किंवा चारचाकी काढली.

पुण्यात अंतरं लहान, तरीही चित्र फार वेगळं नव्हतं. पीएमपीची बससेवा सर्वसामान्यांसाठी सप्टेंबर २०२० पर्यंत बंदच होती. पण इथे बहुतेक घरांत स्कूटर आधीच उभी होती. बस सोडलेला माणूस सायकलवर यायचा तर मधली स्कूटर ओलांडून यावा लागतो, आणि बहुतेक जण तिथेच थांबले. गर्दीपासून सुटका दोन्ही वाहनं सारखीच देतात, मग कमी घाम गाळायला लावणारं जिंकतं. आमचा ठाम अंदाज असा, की संसर्गाची भीती माणसाला बसमधून उतरवते, सायकलवर बसवत नाही. ते काम अंतर, रस्ता आणि घरात दुसरं काय उभं आहे हे ठरवतं.

आणि एक वर्ग या चर्चेतून कायम निसटतो. २०११ च्या जनगणनेत शेतीबाहेरच्या कामाला जाणाऱ्यांपैकी देशभरात सुमारे १३ टक्के लोक सायकलने जात होते. रखवालदार, दूधवाले, पेपरवाले, बांधकामावरचे मजूर हे साथीआधीही सायकलवर होते आणि साथीतही. त्यांनी सायकल भीतीपोटी निवडली नव्हती. उलट काम गेल्यावर किंवा गाव गाठल्यावर त्यांच्याच फेऱ्या घटल्या. हौशी सायकलस्वार वाढले आणि कामकरी घटले, तर नाक्यावरची एकूण मोजणी तेवढीच दिसते.

५. सायकल चालवताना लागण होण्याचा प्रत्यक्ष धोका किती?

चालत्या सायकलवर, मोकळ्या हवेत, फार कमी. श्वासातून बाहेर पडलेले कण उघड्यावर झपाट्याने विरतात आणि शेजारून जाणाऱ्याशी संपर्क काही सेकंदांचा असतो. धोका फेरीच्या दोन्ही टोकांना आणि मधल्या थांब्यात असतो: तळघरातलं पार्किंग, लिफ्ट, कपडे बदलायची कोंदट खोली, आणि रविवारच्या रपेटीनंतरचा टपरीवरचा चहा-पोहे. वीस किलोमीटर अंतर राखून चालवायची आणि शेवटी आठ जणांनी एका बाकावर डोकी एकत्र आणून फोटो काढायचा, हे दृश्य २०२० मध्ये सिंहगड रस्त्यावर कुणालाही दिसलं असतं.

सिग्नलला दाटीत उभं राहावं लागलं तर लाल दिव्याच्या मिनिट-दीड मिनिटाने फारसं बिघडत नाही. तरी अस्वस्थ वाटत असेल तर रांगेत मागेच थांबा. तिथे गाड्यांचा धूर मात्र जास्त मिळतो, हेही लक्षात घ्या.

६. सायकलस्वाराच्या मागे वीस मीटर अंतर ठेवावं असा संदेश फिरत होता. तो खरा होता का?

त्याचा उगम खरा होता, अर्थ ताणलेला. एप्रिल २०२० मध्ये बर्ट ब्लोकेन या वायुगतिकीच्या अभ्यासकाच्या गटाने संगणकावर केलेलं अनुकरण (सिम्युलेशन) मांडलं. चालणाऱ्याच्या थेट मागे ४–५ मीटर, धावणाऱ्याच्या किंवा सावकाश सायकल चालवणाऱ्याच्या मागे १० आणि वेगाने चालवणाऱ्याच्या मागे २० मीटर, अशी ती सूचना होती. थेंब हवेच्या ओढीत किती मागे जातात एवढंच त्यातून दिसत होतं. त्या थेंबांनी लागण होते का, याची तपासणी त्यात नव्हती. तज्ज्ञांच्या परीक्षणाआधीच रंगीत चित्रं जगभर फिरली आणि कित्येकांना सायकलस्वार म्हणजे विषाणूचा फवाराच वाटू लागला.

त्यातून घेण्यासारखं एवढंच, की थेट मागच्या हवेत चिकटून चालवू नका. गटात असाल तर एकामागे एक चिकटण्याऐवजी थोडं तिरकं, दोन-तीन सायकलींचं अंतर ठेवून चाला. रहदारीच्या रस्त्यावर तेवढं अंतर अचानक ब्रेक लागल्यावर धडक टाळायलाही हवंच असतं.

७. सायकलवर मास्क लावायचा का? दंड व्हायचा तो कशाचा?

नियम आणि आरोग्य सल्ला इथे एकमेकांना छेद देत होते, म्हणून गोंधळ झाला. जागतिक आरोग्य संघटनेने जून २०२० मध्ये व्यायाम करताना मास्क लावू नये असं सांगितलं. केंद्रीय आरोग्य सचिवांनी ३ सप्टेंबर २०२० ला स्पष्ट केलं की एकट्याने गाडी किंवा सायकल चालवणाऱ्याने मास्क लावावा अशी मंत्रालयाची सूचना नाही, गटाने व्यायाम करताना मात्र काळजी घ्यावी. पण सार्वजनिक जागी मास्क नसल्याचा दंड स्थानिक आदेशांनुसार होत होता, पुण्यात ५०० रुपये आणि मुंबईत २०० रुपये. चौकात उभ्या पोलिसाच्या हातात स्थानिक आदेश असायचा. महाराष्ट्रात ही सक्ती २०२२ च्या गुढीपाडव्याला, २ एप्रिलला, उठली.

पुन्हा तशी वेळ आली तर व्यवहारात असं करा:

- मास्क गळ्यात लोंबता ठेवू नका. तिथे घाम आणि धूळ दोन्ही जमतं. स्वच्छ पिशवीत, हाताशी येईल अशा खिशात ठेवा आणि थांबताना, दुकानात शिरताना लावा.
- झडप असलेला एन९५ वापरू नका. तो आत येणारी हवा गाळतो, तुमचा उच्छ्वास तसाच बाहेर सोडतो. जुलै २०२० मध्ये केंद्रानेही याबद्दल इशारा दिला होता.
- ओला मास्क श्वास अडवतो. पावसाळ्यात किमान एक सुका जोड सोबत हवा.
- मास्क लावूनच चालवावं लागत असेल आणि चढावर दम लागला, तर मास्क काढून चालवण्यापेक्षा गिअर हलका करा किंवा उतरून चाला. निवांत बसलेला माणूस मिनिटाला ६ ते ८ लिटर हवा घेतो, मध्यम वेगाने सायकल चालवणारा ३० ते ५०. वेग कमी केला की मास्कची अडचण आपोआप कमी होते.

८. सायकल रोज सॅनिटायझरने पुसावी का? भाड्याच्या सायकलीचं काय?

स्वतःची सायकल एकट्याने वापरत असाल तर गरज नाही. पृष्ठभागांची भीती मार्च २०२० च्या एका प्रयोगातून पसरली. प्रयोगशाळेत हा विषाणू प्लास्टिक आणि स्टीलवर ७२ तासांपर्यंत सापडला होता. पण सापडणं आणि लागण होणं यात बराच फरक आहे. एप्रिल २०२१ मध्ये अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी रोगनियंत्रण संस्थेने दूषित पृष्ठभागाच्या एका स्पर्शातून लागण होण्याची शक्यता साधारणपणे दहा हजारांत एकापेक्षा कमी असल्याचं सांगितलं. बाहेर उन्हात उभ्या सायकलीच्या बाबतीत तर चिंता आणखी कमी. भाड्याच्या सायकलीवर बसण्याआधी मुठी, ब्रेकचे दांडे, घंटी आणि सीट उंच करायचा खटका पुसा, आणि उतरल्यावर हात धुवा. तेवढं पुरे.

पुसण्याच्या नादात सायकली मात्र बिघडल्या. डिस्कब्रेकवर जेल सॅनिटायझर गेलं तर त्यातलं ग्लिसरीन पॅडमध्ये मुरतं, ब्रेक किंचाळतो आणि पकड जाते. मग पॅड घासून किंवा बदलूनच सुटका. ब्लीचच्या पाण्याने चेन गंजते. रबरी मुठी रोज अल्कोहोलने पुसल्या तर काही महिन्यांत चिकट होतात. साबणाचं पाणी आणि ओलं फडकं, चेनपासून लांब, हे सगळ्यात बरं.

९. बस टाळायची म्हणून गॅलरीतली जुनी सायकल काढतो आहे. सुरुवात कशी करू?

आधी सायकल, मग रस्ता. २०२० मध्ये बहुतेकांनी उलट केलं आणि दुसऱ्याच दिवशी पंक्चर होऊन परतले.

टायरच्या कडेला भेगा असतील तर हवा भरून भागत नाही, टायर बदला. हवा टायरच्या बाजूवर छापलेल्या मर्यादेत भरा आणि रात्रभर ठेवा. सकाळी उतरली असेल तर ट्यूब किंवा वॉल्व्ह गेला आहे. ब्रेकचं रबर वर्षानुवर्षं पडून कडक होतं. नखाने दाबून पाहा, दबलं नाही तर बदला. चेनच्या १२ पूर्ण कड्या (आतली आणि बाहेरची मिळून एक) पट्टीवर मोजा. बरोबर १२ इंच भरल्या तर चेन ठीक, १२ आणि एक अष्टमांश इंच भरल्या तर चेन संपली, आणि बहुधा मागची दातेरी चकतीही. तेल प्रत्येक कडीच्या सांध्यावर एक थेंब, मग फडक्याने पुसून काढायचं. बाहेर दिसणारं तेल फक्त धूळ धरतं.

सीटची उंची अशी, की टाच पेडलवर ठेवून पेडल सगळ्यात खाली नेलं तर पाय सरळ व्हावा. म्हणजे पंजाने चालवताना गुडघ्यात जेमतेम वाक उरतो. गुडघेदुखीच्या तक्रारी बहुतेक वेळा खाली ठेवलेल्या सीटच्या असतात.

मग रविवारी सकाळी ऑफिसची वाट एकदा रिकाम्या हाताने करून पाहा. बसचा रस्ता तोच सायकलचा असायला हवा असं नाही. उड्डाणपूल टाळणारी, आतल्या गल्ल्यांतून जाणारी वाट अर्धा-एक किलोमीटर लांब असली तरी घ्या. लागलेल्या वेळेत एक तृतीयांश भर घालून कामाच्या दिवसाची वेळ धरा. पहिले दोन आठवडे आठवड्यातून दोनदाच जा. सोबत ट्यूब, दोन टायर-लिव्हर, पंप, पाना आणि प्लास्टिकची पिशवी. मडगार्ड नसेल तर पावसाआधी बसवा, नाहीतर पाठीवर चिखलाची रेघ घेऊन ऑफिसात शिराल.

१०. संसर्गाची भीती जास्त की गाडीखाली येण्याची? लोक कोणती आधी मोजतात?

साथीच्या सुरुवातीला पहिली, रहदारी परतली की दुसरी. एप्रिल-मे २०२० मध्ये पहिल्यांदाच मुलांना मोठ्या रस्त्यावर सायकल चालवू देणारे पालक दिवाळीपर्यंत नको म्हणू लागले, ते यामुळेच.

मोकळा रस्ता सुरक्षित असतो असं मात्र धरून चालू नका. भारतात २०१९ मध्ये रस्त्यांवर सुमारे १.५१ लाख मृत्यू झाले, २०२० मध्ये १.३२ लाख. अपघातांची संख्या १८ टक्क्यांनी घटली, मृत्यू मात्र १३ टक्क्यांनीच. म्हणजे जे अपघात झाले ते सरासरीने जास्त जीवघेणे होते. रिकाम्या रस्त्यावर वेग वाढतो. पहाटे पाचला निघणाऱ्या सायकलस्वाराने मागचा लाल दिवा लावलाच पाहिजे.

११. तात्पुरत्या सायकल मार्गिकांचा उपयोग झाला का?

युरोपात झाला, आणि तो मोजलाही गेला. सुरुवात मात्र युरोपाबाहेर झाली: कोलंबियाची राजधानी बोगोटाने मार्च २०२० मध्ये महापौर क्लाउडिया लोपेझ यांच्या पुढाकाराने प्लास्टिकचे शंकू मांडून गाड्यांच्या मार्गिका सायकलींना दिल्या. ट्रान्समिलेनिओ या बससेवेतली गर्दी कमी करणं हा उघड हेतू होता. बर्लिनने क्रॉइझबर्ग भागात त्याच महिन्यात, पॅरिसने मे महिन्यात तेच केलं. पुढे १०६ युरोपीय शहरांतल्या सायकलमोजणी यंत्रांच्या नोंदींवरून क्राउस आणि कॉख यांनी २०२१ मध्ये दाखवलं की अशा मार्गिका आखलेल्या शहरांत त्यामुळे सायकलिंग सरासरी ११ ते ४८ टक्के वाढलं. साथीची भीती सगळ्याच शहरांत होती. फरक मार्गिकांनी पाडला.

भारतात केंद्रीय गृहनिर्माण आणि नगरव्यवहार मंत्रालयाने जून २०२० मध्ये ‘इंडिया सायकल्स फॉर चेंज’ ही शहरांची स्पर्धा जाहीर केली. नागपूर, पिंपरी-चिंचवडसारखी शहरं त्यात उतरली. बंगळुरूने आउटर रिंग रोडवर मार्गिका आखली. अशा मार्गिका कुठे फसतात हे ठरलेलं आहे. खांबांमध्ये इतकं अंतर असतं की रिक्षा आत शिरते. चौकाच्या ५० मीटर आधी मार्गिका संपते, आणि सायकलस्वाराला तिची खरी गरज तिथेच असते. बसथांब्यापाशी बस, प्रवासी आणि सायकल यांची वाट आखलेलीच नसते. रुंदी दीड मीटरपेक्षा कमी पडते, मग दुधाचे कॅन लावलेली सायकल ओलांडता येत नाही. आणि पहिल्याच आठवड्यात कुणी गाडी लावली आणि ती उचलली गेली नाही, तर दुसऱ्या आठवड्यात ते वाहनतळ झालेलं असतं. मार्गिका आखण्याआधी टोइंगची व्यवस्था करा, रंग नंतर द्या.

१२. भीती ओसरल्यावर सवय टिकते का?

थोडी टिकते, बरीच गळते. ब्रिटनमधली २०२० ची उसळी पुढच्या दोन वर्षांत मोठ्या प्रमाणात ओसरली. तैपेईच्या आकड्यांनी (प्रश्न २) भीती कशी विरते ते दाखवलंच आहे. सवय टिकायला तिला दुसरा आधार लागतो. दारापासून दारापर्यंतचा वेळ बसइतका किंवा कमी, सायकल कुलूप लावून ठेवायला छपराखालची जागा, आणि कामाच्या ठिकाणी तोंड-हात धुऊन सदरा बदलायची सोय. यातल्या दोन गोष्टी असतील तर माणूस राहतो. नुसत्या भीतीवर आलेला माणूस लसीच्या दुसऱ्या डोसनंतर स्कूटरवर जातो.

फ्रान्सने याचा विचार लवकर केला. जुनी सायकल दुरुस्त करायला सरकारने ५० युरोपर्यंत मदत दिली, म्हणजे घरात पडून असलेली सायकल चालती झाली. आपल्याकडे सवलतीची चर्चा नव्या सायकलींपुरतीच राहते. दुरुस्तीवाला टिकला तर सायकल टिकते.

१३. भीती जास्त तर सायकल जास्त, असं असायला हवं. आमच्या पाहणीत जास्त घाबरलेले लोक सायकलही चालवत नव्हते. चूक कुठे झाली?

बहुधा चूक नाही. हे नातं सरळ रेषेत जात नाही. थोडी भीती असलेला माणूस गर्दी टाळतो आणि वेगळं साधन शोधतो. फार भीती असलेला बाहेरच पडत नाही. ज्येष्ठ, मधुमेही, घरात तान्हं बाळ असलेले यात जास्त असतात. म्हणून ‘सायकल वापरली का’ याआधी ‘बाहेर पडलात का’ हे विचारावं लागतं, आणि घरून काम करणाऱ्यांना वेगळं काढावं लागतं. ते केलं नाही तर दोन उलट परिणाम एकमेकांना खातात आणि भीतीचा काहीच परिणाम नाही असा निष्कर्ष निघतो.

१४. कॉलेजच्या प्रकल्पासाठी सर्वेक्षण करायचं आहे. प्रश्न कसे विचारू?

‘कोविडच्या भीतीमुळे तुम्ही सायकल वापरू लागलात का?’ असा प्रश्न विचारलात तर उत्तर तुम्हीच सुचवलंत. त्याऐवजी बस, लोकल, शेअर रिक्षा, स्वतःची दुचाकी, सायकल आणि पायी या प्रत्येकासाठी वेगवेगळं, १ ते ५ मध्ये, लागण होण्याची शक्यता किती वाटते ते विचारा. अपघाताची भीतीही त्याच मापावर विचारा, नाहीतर प्रश्न १० मधला मुद्दा सुटतो. वापराबद्दल ‘साधारणपणे’ न विचारता ‘मागच्या कामाच्या दिवशी कशाने गेलात’ असं विचारा. अंतर, घरातली वाहनं आणि घरून काम करायची मुभा हे तीन रकाने नसतील तर पाहणी करू नका, वेळ वाया जाईल.

ऑनलाइन अर्ज व्हॉट्सअॅपवर फिरवलात तर प्रश्न ४ मधले रखवालदार आणि मजूर त्यात येणारच नाहीत. त्यासाठी नाक्यावर उभं राहा. सकाळी ७ ते १०, पंधरा-पंधरा मिनिटांचे रकाने, किमान तीन कामाचे दिवस आणि एक रविवार. प्रत्येक सायकलमागे बाई-पुरुष-मूल, कॅरिअरवर सामान आहे का, एवढंच टिपा. सोबत दुचाकींचीही मोजणी करा. ऑगस्टची तुलना ऑगस्टशीच करा, मार्चशी नको. पाऊस आणि शाळांची सुट्टी भीतीपेक्षा जास्त फरक पाडतात.

१५. कोविड होऊन गेला. सायकल पुन्हा कधी?

सौम्य आजारात लक्षणं पूर्ण गेल्यावर किमान सात दिवस थांबा आणि पुढचे दोन आठवडे अगदी हलका व्यायाम करा. सपाट रस्ता, बोलता येईल इतकाच वेग. छातीत दुखणं, धडधड, चक्कर किंवा नेहमीच्या चढावर भलताच दम लागला तर तिथेच उतरा आणि डॉक्टरांना भेटा. रुग्णालयात दाखल व्हावं लागलं असेल किंवा हृदयाचा त्रास असेल, तर सुरुवातच डॉक्टरांना विचारून करा.

१६. सगळं अंतर सायकलने शक्य नाही. लोकल किंवा मेट्रोला जोडून चालवली तर भीतीच्या दृष्टीने काही फायदा?

हो, आणि हा पर्याय उगाच दुर्लक्षित राहिला. चार-पाच जण कोंबलेली शेअर रिक्षा किंवा स्टेशनची बस टाळली तर फेरीतला एक दाटीचा टप्पा कमी होतो. कोची मेट्रोने २०२० मध्ये डब्यात सायकल न्यायला परवानगी दिली. गर्दीच्या वेळी लोकलमध्ये साधी सायकल नेणं मात्र अव्यवहार्य आहे. घडीची सायकल असेल तर तीही पिशवीत बंद करून न्या. नाहीतर जुनी, कुणाला मोह न होणारी सायकल स्टेशनवर ठेवा आणि कुलूप चाकाला नाही, सांगाड्याला लावा.

१७. विलगीकरणातल्या घरी औषधं आणि डबे सायकलने पोहोचवतो. यात काय काळजी घ्यावी?

रस्त्यावरची काळजी नेहमीचीच, खरी काळजी दारात. आधी फोन करून पिशवी दाराच्या कडीला अडकवा, घंटी वाजवा आणि जिन्यापर्यंत मागे या. सुट्टे पैसे घेऊ-देऊ नका, मोबाइलवरून घ्या. लिफ्टपेक्षा जिना बरा, पण चौथ्या-पाचव्या मजल्यावर धापा टाकत पोहोचलात तर मास्क नीट बसला आहे ना ते दारापाशी जाण्याआधी पाहा. डबा कॅरिअरवर बांधताना सपाट रबरी पट्टा वापरा, आकड्याचा दोर नको. सुटलेला आकडा मागच्या चाकात अडकतो आणि आमटीसकट माणूस खाली येतो. प्रतिबंधित क्षेत्रात जायचं असेल तर पोलीस चौकीत आधी नाव आणि वेळ नोंदवा. सायकल बॅरिकेडच्या बाहेर लावून आत चालत जाणं बहुतेक वेळा लवकर उरकतं.